परक्या गांधीलमाश्यांचा आहार आणि स्थानिक कीटकसृष्टी

आपल्या मूळ प्रदेशात निसर्गव्यवस्थेचा उपयुक्त घटक असलेला कीटक परक्या भूमीत त्याच व्यवस्थेस घातक ठरू शकतो. न्यूझीलंडमधील गांधीलमाश्यांचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. पोळे करून समूहाने राहणारी एकही गांधीलमाशी त्या देशात मूळची नव्हती. युरोपातील ‘जर्मन गांधीलमाशी’ १९४५ मध्ये हॅमिल्टन परिसरात आढळली. विमानांच्या सुट्या भागांच्या खोक्यांतून शीतनिद्रेतील राण्या आल्या असाव्यात, असे मानले जाते. पुढे १९७० नंतरच्या दशकात ‘सामान्य गांधीलमाशी’ ही दुसरी युरोपीय जात तेथे स्थिरावली.

दुहेरी आहार

या माश्यांच्या उपद्रवाचे मूळ त्यांच्या दुहेरी आहारात आहे. प्रौढ कामकरी माशीस उडण्यासाठी लागणारी शक्ती गोड रसातून मिळते. पोळ्यातील अळ्यांच्या वाढीसाठी मात्र प्रथिने लागतात. त्यासाठी कामकरी माश्या सुरवंट, कोळी व लहान माश्या पकडतात, त्यांचे पाय-पंख तोडतात आणि मांसल भागाचा गोळा करून अळ्यांना भरवतात.

दक्षिण बेटाच्या उत्तर भागातील सुमारे १० लाख हेक्टर बीच वृक्षांच्या अरण्यात गोड रसाची विपुलता आहे. झाडांच्या सालीत राहणारे खवले कीटक मधुरसाचे थेंब बाहेर टाकतात. काका हा पोपट, तुई, बेलबर्ड इत्यादी पक्षी व अनेक कीटक या रसावर अवलंबून असतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मात्र गांधीलमाश्या यातील ९० टक्क्यांहून अधिक रस फस्त करतात.

स्थानिक जीवांवरील परिणाम

या विपुल रसामुळे तेथे हेक्टरी सरासरी १२ पोळी आढळतात. माश्यांचे एकत्रित वजन हेक्टरी सुमारे ३.८ किलोग्रॅम, म्हणजे त्याच अरण्यातील पक्षी, उंदीर व स्टोट या सर्वांच्या एकत्रित वजनापेक्षाही अधिक भरते. रसाने पोसलेल्या या सैन्याच्या अळ्यांसाठी लागणारे मांस स्थानिक कीटकांनाच पुरवावे लागते. उघड्यावर वावरणारे काही सुरवंट आणि जाळे विणणारे काही कोळी यांची ऐन हंगामात जगण्याची शक्यता जवळजवळ शून्यावर येते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणजेच पक्ष्यांचा रसही जातो आणि भक्ष्यही जाते.

उपाययोजना

१९८० नंतरच्या दशकात या माश्यांवर जगणारा एक परजीवी कीटक सोडण्यात आला. परंतु त्याचा प्रभाव अल्पच राहिला. पुढे माश्यांच्या आहाराचाच उपयोग करण्यात आला. प्रथिनयुक्त आमिषात कीटकनाशक मिसळून ठेवले, की कामकरी माश्या ते स्वतःच पोळ्यात नेतात. आमिषात साखर नसल्याने मधमाश्या त्याकडे वळत नाहीत. २०१५ मधील चाचण्यांत पोळ्यांवरील वर्दळ ९५ टक्क्यांहून अधिक घटली. तथापि सभोवतालच्या भागातून नव्या राण्या येत असल्याने हा उपाय पुनःपुन्हा योजावा लागतो.

पुणे परिसरात १९५५ मध्ये प्रथम नोंदल्या गेलेल्या गाजरगवताने महाराष्ट्रासही हाच धडा दिला आहे. मात्र आपल्याकडील गांधीलमाश्या येथल्याच असून पिकांवरील अळ्या टिपतात. वस्तीलगतच्या पोळ्यापासून धोका असेल, तरच ते जाणकारांकडून काढावे. रानातील पोळी विनाकारण जाळू नयेत. कीटकाचे मूल्यमापन करताना तो कोठला आणि काय खातो, हे दोन प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत.