बोराटीची ओळख

जुळे सोलापूरची घरे मागे टाकून शहराबाहेरच्या मुरमाड माळावर गेले, की वाळक्या गवतातून कमरेएवढी काटेरी झुडपे डोके वर काढताना दिसतात. पुष्कळ लोक त्यांना सरसकट ‘काटे’ म्हणतात व कुंपणासाठी तोडून नेतात. परंतु त्यांपैकी एक झुडूप पारखून घेण्याजोगे आहे. ते म्हणजे बोराटी, अर्थात रानबोर होय.

बोराटी ओळखण्यासाठी फळाची वाट पाहत बसू नये. ते हिवाळ्यातच मिळते. प्रथम काटे पाहावेत. पानाच्या देठाशी काट्यांची जोडी असते. एक सरळ, सुईसारखा. दुसरा आखूड व मागे वळलेला. सरळ काटा नुसता बोचतो, वाकडा मात्र वाटसरूचे वस्त्र धरून ठेवतो! पान लहान व वाटोळसर असून त्याच्या बुडाशी तीन शिरा फुटतात.

येथवर गावठी बोरीचे रोपही असेच असते, आणि गफलत होते ती येथेच. अशा वेळी पान दोन बोटांत धरून पाहावे. बोरीचे पान खालून पांढुरके व लवदार, पण वरून गुळगुळीत असते. बोराटीच्या पानाला वरच्या बाजूसही मऊ लव असते. डोळ्यांना न दिसणारा भेद बोटांना कळतो. पुढे बोरीचा वृक्ष होतो. बोराटी झुडूपच राहते. तिचे फळ वाटाण्याहून थोडे मोठे, गोल व पिकल्यावर तांबूस होते. गर थोडा, आठळी मोठी, तरी चव आंबटगोड. याच कुळातील घटबोराचे फळ मात्र टणक व खाण्यास निरुपयोगी. पूर्वी जोडे शिवणारे कारागीर कातडे काळे करण्यासाठी ते वापरीत.

अवर्षणात गवत करपून जाते, तेव्हा शेळ्यांना बोराटीचाच पाला आधार देतो. राजस्थानात तो वाळवून साठवून ठेवतात. माळढोक पक्षी टोळकिड्यांबरोबर बोरेही खातो. त्याच्यासाठी १९७९ मध्ये नान्नज परिसरात अभयारण्य स्थापन झाले. शिवाय रानबोराच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरून बागायतदार मोठी बोरे पिकवतात.

कुंपणासाठी तोडल्याने बोराटी मरत नाही. तिची मुळे खोल असतात व त्यांपासून नवे फुटवे येतात. ती नाहीशी होते ती समूळ खणल्यावर. आणि वसाहतीसाठी माळ सपाट करताना ती खणूनच काढली जाते.