गोठ्यातली वीज एमसीबीच्या भरवशावर सोडू नका

मृगाच्या तोंडावर शाकारणी होते, पत्रे ठोकले जातात, चारा आत जातो. पण घरातून गोठ्याकडे ओढलेल्या वायरीकडे क्वचितच कुणी पाहते. एमसीबी आहे, काही झाले तर पडेलच, असा आपला भरवसा असतो. तो खोटा आहे, हे साध्या हिशेबाने पटते. कडबाकुट्टीच्या मोटरीत २३० व्होल्टची फेज बॉडीला टेकली आणि अर्थिंगचा रोध २० ओहम असला, तर जमिनीत जाणारा प्रवाह भरतो साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी त्याला पडतच नाही. मोटर चालू राहते आणि तिला टेकलेला लोखंडी खांब, दावणीची साखळीही करंट धरून बसते. माणसाचा जीव जायला अँपिअरचा विसावा भागही पुरतो. जनावराला धोका आणखी मोठा: शेणामुताने ओली जमीन, अनवाणी खूर, आणि पुढच्या-मागच्या पायांत एवढे अंतर की जमिनीत पसरलेला करंट एका पायाने चढून अंगातून दुसऱ्या पायाने उतरतो.

म्हणून गोठ्याची वायर जिथून निघते तिथे, घराच्या बोर्डावरच, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह तो ताडून पाहतो. फरक दिसला की क्षणात पुरवठा तोडतो. जादा लोड मात्र त्याला कळत नाही, म्हणून एमसीबीही हवीच. ‘पावसात तो सारखा पडतो’ ही तक्रार खरी आहे, पण बहुधा कुठेतरी करंट गळत असतो, म्हणूनच तो पडतो. टेप गुंडाळलेला जोड, पाणी शिरलेला होल्डर शोधा. गोठ्याला वेगळा आरसीसीबी द्या, म्हणजे घर अंधारात जाणार नाही आणि वैतागून तो काढून टाकण्याची वेळ येणार नाही. एक फेज आणि जमिनीत ठोकलेली सळई यांवर दिवा लावायची सवय असेल, तर तो दिवा आता लागणार नाही. न लागणेच बरे. त्या सळईभोवतीची ओली जमीन जनावराला मारू शकते.

आरसीसीबी लावला म्हणून अर्थिंगची तार तुटकी ठेवून चालत नाही. अर्थिंग असेल तर बिघाड होताच पुरवठा तुटतो; नसेल तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत आरसीसीबी पडत नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पहिल्या पावसाआधी आणि पुढे दर महिन्याला आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दाबा. नाही पडला तर बदला. आणि गोठ्यात जनावर अचानक कोसळले, तर आधी मेन स्विच बंद करा, मगच जवळ जा.