भाच्याला आत्याचा कानमंत्र : आठवड्याचे चार तास आणि एक सायकल

अरे, एवढी महागाची सायकल घेतलीस, आता ‘आत्या, ऑफिसमधून वेळच मिळत नाही’ हे रडगाणं पुरे कर. आठवड्याला चार-पाच तास मिळाले तरी दम वाढतो. ते सगळे एकाच चालीने चालवलेस तर मात्र वाढत नाही. नवी मुंबईत जुईनगरला राहतोस, पाम बीच रोड उशाशी आहे. ऐक आता.

१. आठवड्याचे तीनच दिवस ठरव, मंगळवार, गुरुवार आणि रविवार, आणि मीटिंग लिहितोस तसे ते कॅलेंडरवर लिहून टाक — सवडीची सायकल गॅलरीत कपडे वाळवते.

२. मंगळवार कष्टाचा. दहा मिनिटं अंग तापव, मग चार मिनिटं असा जोर लाव की दोन शब्दांनंतर तिसरा फुटू नये. तीन मिनिटं सावकाश, पुन्हा चार मिनिटं जोर, असं चार वेळा. शेवटी दहा मिनिटं रमतगमत, की पाऊण तासात घरी — नॉर्वेतल्या त्रोनहाइमच्या संशोधकांनी हाच हिशेब धावणाऱ्यांवर करून पाहिला आणि २००७ साली छापला. तेवढंच काम सावकाश धावून करणाऱ्यांपेक्षा या मंडळींची प्राणवायू वापरायची ताकद जास्त वाढली.

३. त्याआधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन ये, ईसीजी काढ म्हणाले तर काढ — आपल्या घरात दागिने कमी आणि रक्तदाब जास्त, वारशात काय आलंय ते आधी पाहिलेलं बरं.

४. मंगळवारचे हे जोराचे झपाटे पाम बीचवर सिग्नल गाठायच्या नादात मारू नकोस. बेलापूरच्या पारसिक हिलचा चढ त्यासाठी उत्तम — चढावर छाती भरून येते पण सायकलचा वेग बेताचाच राहतो, आणि पहाटेच्या रिकाम्या पाम बीचवर गाड्या किती सुसाट येतात ते तुला सांगायला नको.

५. गुरुवारी मधली चाल. पंधरा मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये पाच मिनिटं आराम. एखादं वाक्य बोलता यावं, पण गोष्ट सांगता येऊ नये — लांबच्या रस्त्यावर हाच वेग तुला टिकवायचा असतो.

६. रविवारी दोन-अडीच तास, आणि तेही गप्पा मारत. वाशी ते बेलापूर साधारण दहा किलोमीटर, म्हणजे दोनदा जाऊन-येऊन चाळीस झाले. कुणी चकचकीत जर्सीवाला पुढे गेला तर जाऊ दे. तुझ्या काकांना ते कधी जमलं नाही, तू तरी शीक. फ्लेमिंगोंच्या दिवसांत नेरूळच्या टी. एस. चाणक्यच्या पाणथळीपाशी थांबून ते बघ, फक्त सायकल रस्त्याच्या कडेला नीट बाहेर घे — सावकाश तासांत पाय चरबीवर चालायला शिकतात आणि मंगळवारसाठी ताजे राहतात. रविवारी जिंकलेला मंगळवारी झोपलेला सापडतो.

७. तीन आठवडे थोडं थोडं वाढव, चौथा हलका ठेव — छातीचा दम लवकर वाढतो, गुडघ्याच्या शिरा आणि सांधे मागून, कुरकुरत येतात.

८. ऑफिसचं काम अंगावर आलं तर दिवस कमी कर, जोर कमी करू नकोस. रविवार गेला तरी चालेल, मंगळवार सोडू नकोस — अमेरिकेतल्या रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकात हेच तपासलं होतं. आठवड्याचे सहा दिवस दोनवर आणूनही कमावलेला दम काही आठवडे टिकला. जोर उतरवला तेव्हा मात्र तो घसरला. ‘आता पुढच्या महिन्यापासून’ म्हणणाऱ्यांना हे वाचून दाखवावंसं वाटतं मला.

९. सीटवर बसून टाच पेडलवर ठेव. पेडल अगदी खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे — सीट बुटकी राहिली की सगळा भार गुडघ्यावर, उंच झाली की कंबर डुलते.

१०. हलका गिअर, मिनिटाला ऐंशी-नव्वद फेऱ्या — जड गिअर दाबणं दिसतं मर्दानी, पण बिल गुडघा भरतो.

११. आपल्याकडे घाम वाळत नाही, नुसता गळतो. तासाला अर्धा लिटर तरी पाणी, एका बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत. तासावर चालवायची असेल तर खिशात केळं आणि चिक्की — भूक लागल्यावर खाल्लेलं केळं घरी पोचल्यावर कामाला येतं.

१२. हवेचा पंप, मागचा लाल दिवा, हेल्मेट, जास्तीची ट्यूब, सगळं आदल्या रात्री दारापाशी — पाचला पंप शोधणारा सातला चहा पीत बसतो.

१३. पावसात सायकल ट्रेनरच्या स्टँडवर लावून घरीच चालव, समोर पंखा लाव — जागच्या जागी वारा लागत नाही, अंग तापतं आणि दम उगाच लवकर संपतो. बाहेर गेलासच तर पाणी साचलेल्या जागी चाक घालू नकोस, खड्डा किती खोल ते पाणी सांगत नाही. घरी आल्यावर चेन पुसून तेल दे.

१४. झोप मोडून सायकल नको. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला झपाटे, हे चालायचं नाही — ताकद झोपेत भरते, रस्त्यावर फक्त खर्च होते.

१५. वर्षाअखेरीस दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, डोळ्यांसमोर ठेव. साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधरापेक्षा किंचित कमी — वेगाची नाही, न थांबण्याची परीक्षा आहे ती. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, यांनी २०१५ साली जोडीने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, जवळपास ४,८०० किलोमीटर. २०१७ साली नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी तीच एकट्याने केली. तुला कुणी अमेरिका पार कर म्हणत नाही. पण डॉक्टरांपेक्षा तुझं ऑफिस जास्त बिझी आहे, असं मला सांगू नकोस.

येत्या मंगळवारपासून सुरू कर आणि रविवारी परतताना घरी ये, पोहे करून ठेवते. हेल्मेट हँडलला लटकवून आलास, तर पोहे तुझ्या बहिणीला.