खोपोली लोकलने इमॅजिका: एका दिवसाची आखणी

डोंगर चढणाऱ्या मंडळींना थीम पार्कचं फारसं कौतुक नसतं. दरवाजे, तटबंदी, टाकी बघायची सवय असलेल्या माणसाला थर्माकोलचा राजवाडा कुठे रुचणार? पण घरात शाळकरी पोरं असली, की वर्षातून एक दिवस त्यांच्या नावावर निघतोच. आमच्या पिढीच्या शाळेच्या सहली गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जायच्या. १९८९ साली सुरू झालेलं ते पार्क २०२२ मध्ये बंद झालं. आता ठाणे, डोंबिवली, कल्याणकडच्या पोरांच्या तोंडी नाव असतं ते २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकाचं. आणि हे पार्क आहे आपल्याच वाटेवर. सरसगड-सुधागडला जाताना आपण ज्या खोपोली-पाली रस्त्याने जातो, त्याच रस्त्याच्या कडेला, खालापूर तालुक्यातल्या सांगडेवाडीत.

तिथे दिवस वाया जातो तो रांगेत. दुपारी तीन वाजता चौथ्या राइडच्या रांगेत ताटकळणारी, एकमेकांवर वैतागलेली कुटुंबं बघितली, की कळतं यांनी तिकिटं काढली, पण दिवस आखला नाही. ट्रेकला आपण उन्हाच्या आधी चढ संपवतो, पाणी कुठे मिळेल ते विचारून ठेवतो, उतरायची वेळ ठरवून निघतो. तेवढी शिस्त इथे लावली तरी पुरते.

सगळ्यात मोठा निर्णय तारखेचा. शनिवार-रविवार टाळा हे सांगायला कुणा जाणकाराची गरज नाही, पण मधला वारही कधी कधी फसवतो. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली निघतात त्या बहुतेक सोम ते शुक्रच. एकाच रंगाच्या टोप्या घातलेली शे-दीडशे पोरं शिट्टीच्या इशाऱ्यावर तुमच्या पुढे रांगेत शिरली, की समजावं अर्धा-पाऊण तास गेला. मात्र या बसगाड्यांना अंधार पडायच्या आत शाळेत पोचायचं असतं, त्यामुळे दुपार उतरायला लागली की टोप्या दाराकडे वळतात. हिवाळ्यात मधल्या वारी जाणार असाल तर एखादी मोठी राइड मुद्दाम चारनंतर ठेवा. माझ्या मते उत्तम काळ दोन: जूनमध्ये शाळा उघडल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे, आणि फेब्रुवारी-मार्चमधले दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस. अर्थात परीक्षेचा मुलगा तुमच्याच घरात असेल तर हा सल्ला विसरा.

तारीख पक्की करण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णयही उघडून बघा. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आणि पुढे पालीचा बल्लाळेश्वर, अष्टविनायकांतले दोन गणपती याच पट्ट्यात आहेत. अंगारकी, माघी गणेश जयंती, झालंच तर सुट्टीला जोडून आलेली संकष्टी, या दिवशी हा रस्ता भाविकांच्या गाड्यांचा असतो. गणेशोत्सवाच्या आधीचे तीन-चार दिवस तर विचारूच नका. पेणकडची कोंडी चुकवायला कोकणात निघालेले चाकरमानी खोपोलीवरून पालीमार्गे वाकणला जाऊन मुंबई-गोवा महामार्ग गाठतात. त्या गर्दीत इमॅजिकाला निघालेला माणूस सगळ्यांच्या शिव्या खातो.

पावसाळ्याचं दोन्ही बाजूंनी बोलता येतं. घाटाच्या पायथ्याचा पाऊस आपल्या डोंबिवलीसारखा चार सरी टाकून थांबत नाही. जोर धरला की उघड्यावरचे रोलर कोस्टर थांबवतात, विजा चमकायला लागल्या तर लगेच. पण छपराखालच्या राइड बऱ्याच आहेत आणि गर्दी पांगलेली असते. पोरांचा जीव एकट्या नायट्रो या रोलर कोस्टरमध्ये अडकला असेल तर जुलैत नेऊ नका. तसं नसेल तर खुशाल जा. वरती खंडाळ्याचे कडे ढगात असतात, तेही बघून होतं.

आता जायचं कसं. कल्याणच्या पुढे गाडी कर्जतच्या बाजूची आहे ना, एवढं बघून चढा, नाहीतर आसनगावला उतरावं लागेल. खोपोलीपर्यंत थेट जाणाऱ्या लोकल मोजक्या. त्या वेळेत जमल्या नाहीत तर कर्जतला उतरून खोपोलीची गाडी पकडायची, आणि दोन गाड्यांमध्ये अंतर बरंच असल्यामुळे एम-इंडिकेटरवर आदल्या रात्री जोडी जुळवून ठेवायची. कल्याणपासून सुमारे दीड तास धरा. कर्जतनंतर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि मग खोपोली. हा शेवटचा तुकडा पोरांना खिडकीत बसवून दाखवण्यासारखा आहे. रेल्वे इथे १८५६ सालीच आली. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला होईपर्यंत पुण्याकडे जाणारे प्रवासी इथे उतरून पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून घाट चढायचे. रविवारी जाणं भागच असेल तर मेगाब्लॉक कुठे आहे ते शनिवारीच बघा. ठाणे-कल्याण मार्गावर ब्लॉक असला तर ठाणेकरांनी जास्तीचा वेळ हाताशी ठेवावा.

खोपोली स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात. भाडं बसण्याआधी ठरवा, आणि संध्याकाळी न्यायला येणार का तेही त्याच वेळी विचारून नंबर घेऊन ठेवा. परतीला पार्कबाहेर घासाघीस करण्यापेक्षा हे स्वस्तात पडतं.

गाडीने जाणाऱ्यांना खरा अडथळा द्रुतगती मार्ग नाही, आपला शीळफाटा आहे. डोंबिवलीकरांनी काटई नाका आणि शीळफाटा, ठाणेकरांनी मुंब्रा बायपास सकाळी सातच्या आत मागे टाकला, तर कळंबोलीहून खालापूर टोलनाक्यापर्यंत गाडी अशी जाते की साडेआठलाच पोचून चहा शोधावा लागेल. आठ वाजता निघालात तर काही सांगता येत नाही. बदलापूर-नेरळ-कर्जत हा रस्ता कल्याण-अंबरनाथकरांना जवळचा वाटतो. घाई नसेल तर छानच आहे. दुचाकीवाल्यांनी लक्षात ठेवायचं: द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, जुन्या मुंबई-पुणे महामार्गानेच चौकवरून जावं लागतं. त्याचा फायदा म्हणजे खोपोलीत रमाकांतचा वडा खाता येतो.

तिकीट आधी ऑनलाइन काढा. दर वाराप्रमाणे बदलतात, आणि दारावर जाऊन काढण्यात पैसेही जातात, वेळही. जास्त पैसे भरून एक्सप्रेस तिकीट घेतलं की रांग टळते. मधल्या वारी ते पैसे पाण्यात जातात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र चौघांचा प्रवासखर्च धरून हिशेब केला तर ते घेणंच शहाणपणाचं ठरतं.

आत गेल्यावर रांग मोजायला शिका. रांगेबाहेर दोन मिनिटं उभं राहायचं. एका फेरीत किती माणसं बसतात ते बघायचं, आणि एक फेरी सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंत किती वेळ जातो तो घड्याळात बघायचा. समजा एका फेरीत २० जण बसतायत, दर तीन मिनिटांनी फेरी सुटतेय आणि पुढे दोनशे माणसं आहेत. म्हणजे दहा फेऱ्या, अर्धा तास. आता त्याच रुळांवर दोनऐवजी एकच गाडी चालवत असतील तर तेवढ्याच लांबीच्या रांगेला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. म्हणून रांग किती लांब दिसते यापेक्षा ती किती सरकते ते बघावं. नागमोडी कठड्यांमधली रांग तर दिसते त्याहून नेहमीच मोठी असते. आतल्या खोलीत तिचं आणखी एक वेटोळं असतं. हा हिशेब दहा-बारा वर्षांच्या पोरांवर सोपवा. तेवढ्यात त्यांची कुरकुर थांबते.

दार उघडताच बहुतेक लोक समोर दिसेल त्या पहिल्या राइडला लागतात, नाहीतर फोटो काढत बसतात. तुम्ही सरळ नायट्रो गाठा. स्विस बनावटीचा हा रोलर कोस्टर साधारण ४० मीटर उंच आहे, ताशी शंभरहून जास्त वेगाने पळतो आणि वाटेत पाच वेळा उलटा करतो. याला तळ नाही. माणसं बसून पट्टे आवळून झाले, की पायाखालची फळी बाजूला सरकते, पाय लोंबायला लागतात आणि पुढचं फाटक उघडतं. त्या दोन सेकंदांत रांगेतला आवाज एकदम बंद होतो. चप्पल घालून आलेल्यांची तिथे पंचाईत होते. पायात घट्ट बूट हवेत, खिशात काही नको. नायट्रो झाला की लगेच डीप स्पेस, म्हणजे अंधारातला कोस्टर, आणि मग स्क्रीम मशीन किंवा गोल्ड रश एक्सप्रेस. जेवणाआधी यातले तीन झाले तर दिवस वसूल समजा.

दुपार ठेवा मिस्टर इंडिया, आय फॉर इंडिया आणि रॅथ ऑफ द गॉड्ससाठी. नाट्यगृहासारख्या या राइडमध्ये एका वेळी बरीच माणसं आत घेतात, त्यामुळे रांग लांब असली तरी भराभर सरकते, आणि बाहेर ऊन रणरणत असताना आत थंडगार असतं. अलीबाबा आणि सलीमगढही याच वेळेत उरकतात. पाण्यातून जाणारी राजासॉरस मात्र जेवणानंतर लगेच नको, आणि अगदी शेवटीही नको. ओल्या जीन्समध्ये लोकलचा प्रवास नकोसा होतो. चारच्या सुमारास करा, कपडे अंगावर वाळतात. राजासॉरस हे नाव कुणी कल्पनेतून काढलेलं नाही, बरं का. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातमध्ये सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ साली शास्त्रज्ञांनी या डायनोसॉरचं नामकरण केलं. रांगेत उभं असताना पोरांना सांगायला बरं पडतं.

मुलांची उंची घरीच मोजून न्या. मोठ्या राइडच्या दाराशी उंचीची खूण असते आणि तिथे गयावया केल्याने काही होत नाही, होऊही नये. तासभर रांगेत उभं राहून दारातून परत फिरलेल्या सात वर्षांच्या पोराची समजूत काढणं सुधागड चढण्यापेक्षा अवघड आहे. लहानगी असतील तर घरातली दोन माणसं त्यांच्या राइडकडे ठेवा आणि दुपारी जेवताना अदलाबदल करा.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. पोळी-भाजीचा डबा गाडीतच संपवावा. जेवायला साडेअकराला किंवा अडीचला बसा. एक वाजता जेवणाची रांगही राइडइतकीच होते.

पार्क आणि शेजारचं वॉटर पार्क एकाच दिवसात करू, असा बेत घरात कुणीतरी मांडतंच. मोडून काढा. कपडे बदलणं, लॉकर, परत कपडे बदलणं यात दोन-अडीच तास जातात आणि धड काहीच होत नाही. फक्त पाण्यातच डुंबायचं असेल, सोबत आजी-आजोबा असतील, तर खोपोलीपर्यंत जायचं कारणच काय? घोडबंदर रोडवर सूरज वॉटर पार्क आहे, मानपाड्याला येऊरच्या डोंगरालगत टिकुजीनीवाडी आहे. नायलॉनचे पोहण्याचे कपडे घरून न्या, सुती कपड्यांवर पाण्यात उतरू देत नाहीत. मे महिन्यात सकाळी दार उघडताना हजर राहा आणि परतताना घोडबंदरच्या कोंडीचा एक तास वेगळा धरा.

इमॅजिकाहून निघायची वेळ मात्र सकाळीच ठरवा. संध्याकाळची मिरवणूक आणि रोषणाई बघण्यासारखी असते, रांगाही तेव्हा उतरतात, त्यामुळे पाय निघत नाही. पण रविवार असेल तर गाडीवाल्यांना लोणावळ्याहून परतणारी सगळी मुंबई खालापूरच्या पुढे भेटते. एकतर साडेपाचला निघा, नाहीतर पार्क बंद होईपर्यंत थांबून, वाटेत जेवून, सावकाश या. लोकलवाल्यांची खोपोलीची गाडी चुकली तर पुढचीची वाट बघत स्टेशनात बसू नका, रस्त्याने कर्जत गाठा. तिथून गाड्या जास्त आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच तिथूनच सुटत असल्यामुळे झोपलेलं पोर मांडीवर घेऊन बसायला जागा मिळते.