थेंबांनी लिहिलेली पावसाची वही

पाऊस हुकला की आपण म्हणतो, "असं अवर्षण पूर्वी कधी नव्हतं!" हे खरे की खोटे, कसे कळावे? आपल्या देशाचे हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. त्याच्या फार पूर्वीचा पाऊस कोणी मोजून ठेवला? काही गुहांनी ठेवला आहे. तो कसा, ते पाहू.

पावसाचे पाणी जमिनीत मुरते. मातीतला कार्बन वायू मिसळून ते किंचित आंबट होते. चुनखडीच्या खडकातून झिरपताना ते थोडा चुना विरघळवून नेते. गुहेच्या छतातून ते थेंब थेंब गळते. थेंबातला वायू उडून जातो, चुना मागे राहतो. बंबात पांढरा थर धरतो ना, तसाच! थरावर थर बसून खाली खांब उभा राहतो. पुष्कळदा तो शंभर वर्षांत बोटभरही वाढत नाही.

पाण्यात प्राणवायू असतो. त्यातला काही हलका, काही जड. मोसमी पाऊस जोराचा झाला, की पाण्यात जड प्राणवायू कमी असतो. पाऊस कमी, तर तो जास्त. हीच खूण चुन्याच्या थरात उतरते.

थराचे वय कसे कळते? पाण्याबरोबर थोडे युरेनियम येते. ठरावीक गतीने त्याचे थोरियम होत जाते. दोन्ही मोजले की वय निघते.

छत्तीसगडात, बस्तरच्या रानात दंडक गुहा आहे. तिथल्या खांबावरून शास्त्रज्ञांनी सन ६०० ते १५०० या काळातल्या पावसाचा अंदाज काढला. तो २००७ साली छापून आला. त्यात काय दिसले? चौदाव्या शतकात आणि पंधराव्या शतकाच्या मध्यास दशकानुदशके टिकणारी अवर्षणे पडली होती. आपल्या महाराष्ट्रात दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ साली सुरू झाला नि बारा वर्षे चालला, असे जुने लोक सांगत. ती नुसती गोष्ट म्हणून सोडून देऊ नये.

दीडशे वर्षांच्या मोजणीत दिसले, त्याहून वाईट दिवस या भूमीने पाहिले आहेत. तेव्हा चार चांगल्या सालांवर विसंबू नका. बांध घाला, तळ्यातला गाळ काढा, विहिरीचे पाणी जपून वापरा. आणि गुहा पाहायला गेलात, तर खांब मोडू नका. ती वही एकदा फाटली, की पुन्हा लिहिता येत नाही.

प्रश्न
१. गुहेत खांब कसा तयार होतो?
२. कमी पावसाची खूण कोणती?
३. तुमच्या गावात पाणी साठवायला काय करता येईल?