तीच तार, जास्त वीज

चैत्राची दुपार. शिवारातले सगळे पंप एकदम सुरू झाले. तात्यांचा पंप घरघरला. पण पाणी धड येईना. वर पाहतात तो काय, तार सकाळपेक्षा खाली आलेली!

"बाबा रे, तारेला हा झोळ कशाने पडला?" तात्यांनी वायरमनला विचारले.

"तात्या, ओझं जास्त झालं की तार तापते. तापली की लांबते, अन् लांबली की लोंबते. खालून उसाची भरली गाडी गेली अन् तार लागली, तर माणूस जागीच जाईल."

म्हणजे तार हवी तेवढी वीज नेत नाही. तिला मर्यादा आहे. ऊन कडक आणि वारा पडलेला असेल, तर ती मर्यादा आणखी कमी होते. वारा सुटला की तार निवते.

मग नवी लाइन टाकायची का? तिला पैसा लागतो, जागा लागते. जुन्याच लाइनवर काय करता येते, ते आधी पाहू.

पहिला उपाय, दाब वाढवणे. दाब दुप्पट केला, तर तेवढ्याच कामाला निम्मा प्रवाह पुरतो. तारेतली उष्णता चौथाईवर येते. म्हणूनच महाराष्ट्रात 2018 पासून अनेक शेतांत 11 हजार व्होल्टची तार विहिरीजवळ नेली, आणि एक-दोन पंपांना एक लहान डीपी दिली.

दुसरा उपाय, तार बदलणे. नेहमीच्या मोठ्या तारेत आत पोलाद आणि बाहेर अॅल्युमिनियम असते. काही नव्या तारांत पोलादाऐवजी कार्बनच्या धाग्यांचा गाभा असतो. ही तार तापली तरी फार लोंबत नाही. त्याच मनोऱ्यांवरून ती जवळजवळ दुप्पट वीज नेऊ शकते.

तिसरा उपाय आपल्या हातचा आहे. पंपाची मोटर दोन प्रकारचा प्रवाह ओढते. एक पाणी उपसतो. दुसरा मोटरीत चुंबकपणा आणतो, आणि तारेतून नुसता ये-जा करतो. मोटरीजवळ योग्य मापाचा कपॅसिटर बसवला, की हा दुसरा प्रवाह तिथेच मिळतो. जिथे 100 अँपिअर लागत, तिथे बहुधा 75 च्या आसपास पुरतात. तारेतली उष्णता निम्म्याच्या जवळ येते.

"मग मी आजच बसवून घेतो," तात्या म्हणाले.

"घ्या. पण एकट्यानं तार निवणार नाही, तात्या. डीपीवरच्या सगळ्यांनी बसवायला हवा. अन् आकडे टाकणं बंद व्हायला हवं."

त्या रात्री तात्या पारावर गेले. सगळ्यांना बोलावून त्यांनी हीच गोष्ट सांगितली.

लक्षात ठेवा : लोंबत्या तारेला हात लावू नका. काठीने उचलू नका. वायरमनला कळवा. कपॅसिटर जाणकाराकडूनच बसवून घ्या.

सांगा पाहू :
1. तार का लोंबते?
2. दाब दुप्पट केला तर प्रवाह किती लागतो?
3. तुमच्या डीपीवर किती पंप आहेत? किती पंपांना कपॅसिटर आहे?