विहिरीवरील साखळीची कप्पी

उन्हाळ्यात विहिरीतील विजेचा पंप वर काढण्याचे प्रसंग वारंवार येतात. त्याकरिता तीन पायांची घोडी व हाताने ओढावयाची साखळीची कप्पी बहुधा गावात एकच असते व ती घरोघर फिरते. सर्वांची वस्तू कोणीच तपासीत नाही. आणि येथे तर खाली उतरलेल्या गड्याचा जीव तिच्या आधाराने असतो.

कप्पीवर कोरलेल्या भारापेक्षा अधिक ओझे तिला लावू नये. अंदाज करताना नळातील पाणी पुष्कळजण विसरतात. झडपेमुळे ते नळातच अडकते. 65 मिलिमीटर पोटाच्या 15 मीटर नळात ते सुमारे 50 किलो भरते. दोन दोरांनी ओझे टांगल्यास दोरांमधील कोनाकडेही पाहावे. 100 किलोंच्या ओझ्याचा ताण दोन्ही दोर उभे असता प्रत्येकी 50 किलो पडतो. कोन 120 अंशांचा झाला की प्रत्येकी 100 किलो! यास्तव दोर लांब घ्यावेत. कप्पीचीच साखळी ओझ्याभोवती गुंडाळणे सर्वथा वर्ज्य.

सर्वांत आधी आकडा पाहावा. त्याचे तोंड रुंदावले, पीळ पडला किंवा चीर दिसली, तर तो टाकून द्यावा. एका विहिरीवर आम्ही भट्टीत तापवून, ठोकून सरळ केलेला आकडा पाहिला. दिसावयास नव्यासारखा! परंतु अशा तापविण्याने पोलादाला दिलेले पाणी उतरते, हे मालकाच्या गावीही नव्हते. साखळीची प्रत्येक कडी पुसून पाहावी. झिजलेल्या कडीच्या जागी बोल्ट घालू नये. साखळीस तेल द्यावे, ब्रेकास लागू देऊ नये. नंतर ओझे वीतभर उचलून थांबावे. ते आपोआप खाली सरकले, तर काम तेथेच सोडावे. साखळी एका गड्यास ओढवत नसेल, तर दुसरा लावू नये. ओझे तरी जास्त आहे किंवा कप्पी तरी अडली आहे. ओझे लटकत असता विहिरीत कोणीही नसावे.

कारखान्यांतील अशा साधनांची 12 महिन्यांतून निदान एकदा जाणत्याकडून तपासणी 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 29 ने सक्तीची केली होती. शेतातील विहीर म्हणजे कारखाना नव्हे; म्हणून ते काम आपणांसच केले पाहिजे. दप्तरात आयुष्य गेल्यामुळे आम्हांस वहीचा लोभ अंमळ अधिक, हे कबूल. तरी कप्पीबरोबर एक वही फिरावी. पहिल्या पानावर आकड्याच्या तोंडाचे मूळ माप असावे, आणि नेणाऱ्याने त्या दिवशीचे माप व तारीख लिहून खाली सही करावी.